वीग्वास म्हणजे झाड की साल?

भूर्जपत्र म्हटलं की आपल्याला जुनी पोथी आठवते. नाहीतर पूजेच्या साहित्याच्या दुकानात पुडीत मिळणारे ते पातळ, तांबूस तुकडे आठवतात, ज्यांवर यंत्र काढून घेतात. ही साल ज्या झाडाची, ते झाड सह्याद्रीत नाही. ते हिमालयात तीन हजार मीटरच्या वर, बाकीची झाडं संपत येतात तिथे वाढतं. गोमुखाला जाणारे यात्रेकरू आणि ट्रेकर भोजवासाला मुक्काम करतात, त्या जागेचं नाव याच भोजवृक्षावरून पडलंय. संस्कृतातला ‘भूर्ज’ आणि इंग्रजीतला ‘बर्च’ हे शब्दही एकाच आदिम इंडो-युरोपीय मुळातून निघालेले.

भूर्जाचा एक भाऊबंद उत्तर अमेरिकेत आहे. कॅनडाचा जंगलपट्टा, अलास्का आणि अमेरिकेची उत्तरेकडची राज्यं एवढ्या मुलखात तो पसरलाय. पांढऱ्याशुभ्र बुंध्याचा, साधारण वीस मीटर उंचीचा. शास्त्रीय नाव बेट्युला पॅपिरिफेरा, म्हणजे कागद धारण करणारा बर्च. याच मुलखात सुपीरियर सरोवराच्या भोवती ओजिब्वे लोक राहतात: अमेरिकेत मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि सरहद्दीपलीकडे ऑन्टारिओ, मॅनिटोबा. सरकारी दप्तरात त्यांची नोंद बऱ्याचदा ‘चिपेवा’ अशी सापडते. ते स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात आणि सुपीरियरला गिचिगमी म्हणतात. या लोकांचं घर, होडी, भांडी, मशाल आणि लेखनाचं साहित्य असं सगळं या एका झाडाच्या सालीतून आलं. ते कसं जमलं हे समजून घ्यायचं तर झाडाच्या नावापासून सुरुवात केलेली बरी.

ओजिब्वेत या बर्चला ‘वीग्वास’ म्हणतात. त्याच्या सालीलाही ‘वीग्वास’च म्हणतात. एक असेल तोवर दोन्हीला एकच शब्द. फरक उघड होतो तो अनेकवचनात. झाडं पुष्कळ असली की ‘वीग्वासग’, आणि सालीचे तुकडे पुष्कळ असले की ‘वीग्वासन’. या भाषेत नामांचे दोन वर्ग आहेत, सजीव आणि निर्जीव. सजीवाचं अनेकवचन ‘ग’वर संपतं, निर्जीवाचं ‘न’वर. उभं झाड सजीवांत मोडतं, उतरवलेली साल निर्जीवांत.

हा भेद नामापुरता थांबत नाही, क्रियापदही बदलतं. ‘मी बर्चचं झाड बघतोय’ याला ओजिब्वेत ‘निवाबमा वीग्वास’ म्हणतील. ‘मी बर्चची साल बघतोय’ याला ‘निवाबन्दान वीग्वास’. नाम जसंच्या तसं, पण सजीवाला बघण्याचं क्रियापद वेगळं आणि निर्जीवाला बघण्याचं वेगळं. मराठी माणसाला हे फार परकं वाटायला नको. आपण ‘मी सदूला पाहिलं’ म्हणतो, पण ‘मी घर पाहिलं’ म्हणतो. ‘मी घराला पाहिलं’ असं कुणी म्हणालं तर कानाला खटकतं. आपला तो ‘ला’ बऱ्याच अंशी हेच काम करतो. फक्त आपल्याकडे झाड घराच्या पंगतीत बसतं आणि त्यांच्याकडे सदूच्या.

यावरून लगेच ‘हे लोक अवघ्या सृष्टीला जिवंत मानतात’ असं काव्य रचायची घाई मात्र करू नये. ओजिब्वेत दगड सजीव आहे, चुलीवरचं पातेलंही सजीव आहे. रास्पबेरी, म्हणजे ‘मिस्कोमिन’, सजीव. आणि स्ट्रॉबेरी, म्हणजे ‘ओदेइमिन’, निर्जीव. भिंत ‘ती’ आणि दार ‘ते’ का, याला आपल्याकडे जितका अर्थ आहे तितकाच यातल्या काही नेमणुकांना असावा. पण तंबाखू, चिलीम, ढोल या पूजाविधीतल्या वस्तू सजीवांत आहेत हेही खरं. म्हणजे व्याकरणाची सवय आणि श्रद्धा यांची सरमिसळ आहे. कुठलं एक टोक धरलं तर दुसरं सुटतं.

नुसतं झाडच म्हणायचं असेल, गोंधळ नको असेल, तर ‘वीग्वासातिग’ असाही शब्द आहे. झाडाला, लाकडाला ‘मितिग’ म्हणतात. जोडशब्दाच्या शेवटी त्याचं रूप ‘आतिग’ होतं. साखर देणारा मेपल ‘इनिनातिग’ तो याच रीतीने. ओजिब्वे भाषा शब्दांना शेपटं जोडत जाते आणि एकदा चार-सहा शेपटं ओळखीची झाली की नवा शब्दही थोडाफार उलगडतो. ‘इगमिग’ लागलं की इमारत किंवा खोपी: ‘वीग्वासिगमिग’ म्हणजे सालीची खोपी, आणि ‘अदावेविगमिग’ म्हणजे दुकान. ‘के’ लागलं की ती वस्तू करणं किंवा गोळा करणं: जीमान म्हणजे होडी, ‘जीमानिके’ म्हणजे तो होडी बांधतो, ‘वीग्वासिके’ म्हणजे तो साल काढतो. अख्खं वाक्य एका शब्दात. त्यात ‘तो’ आणि ‘ती’ असा भेदही नाही, त्यामुळे साल काढणारी बाई असली तरी ‘वीग्वासिके’च.

जाता जाता एक गोष्ट. ही भाषा रोमन लिपीत लिहायची आज सर्वांत रुळलेली पद्धत चार्ल्स फिएरो यांनी १९५०च्या दशकात बसवली. तिच्यात दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा लिहितात. देवनागरीला ही कसरत करावी लागत नाही. अ-आ, इ-ई हे भेद आपल्याकडे बसल्या जागी तयार आहेत. मला तर ओजिब्वे शब्द देवनागरीत जास्त सुबक दिसतात.

या मुलखात आणखी एक बर्च आहे, पिवळसर सालीचा. इंग्रजीत दोघांचं आडनाव एक, ‘बर्च’. वनस्पतिशास्त्रातही प्रजाती एकाच कुळातल्या. ओजिब्वेत मात्र पिवळ्याचं नाव ‘वीनिझिक’. वीग्वासशी त्याचा काही संबंध नाही. पिवळ्या बर्चची साल बारीक कुरळ्या पापुद्र्यांनी सुटते, तिची होडी होत नाही की छप्पर होत नाही. त्याची खासियत कोवळ्या डहाळ्यांत आहे. त्या मोडल्या की दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास येतो, कारण रसायन तेच आहे, मिथाइल सॅलिसिलेट. या डहाळ्यांचा चहा करतात. कामं वेगळी, म्हणून नावंही वेगळी, असं मला वाटतं.

आता सालीकडे वळू. बहुतेक झाडांची साल उभी फाटते, तडकते, खवले होऊन गळते. वीग्वासची साल आडवी, बुंध्याभोवती गुंडाळलेल्या ताग्यासारखी सुटते. तिची बाहेरची बाजू बुचाच्या पेशींची असते. त्यात एक थर पातळ भिंतींच्या पेशींचा, त्याखाली एक जाड भिंतींच्या पेशींचा, असे थरांवर थर बसलेले असतात. पातळ थर कच्चे, म्हणून त्यांच्या रेषेत पापुद्रे सुटतात. सालीवर ज्या आडव्या काळपट रेघा दिसतात, त्या झाडाच्या श्वास घेण्याच्या फटी. खोड जाड होत जातं तशा त्या ताणून लांब होतात.

पांढरा रंग येतो तो बेट्युलिन नावाच्या पदार्थामुळे. रशियात काम करणाऱ्या योहान लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने १७८८ साली तो प्रथम वेगळा काढला. बाहेरच्या कोरड्या सालीत त्याचं प्रमाण पार तीस टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. बारीक स्फटिकांच्या रूपात तो पेशींत भरलेला असतो आणि प्रकाश परतवतो. झाडाला याचा उपयोग हिवाळ्यात होतो. उणे तीस अंशांच्या थंडीत दुपारचं ऊन खोडावर पडलं की एक बाजू तापते आणि सूर्य मावळला की झपकन गोठते. गडद सालीची झाडं यात तडकतात. पांढरी साल फारशी तापत नाही. बेट्युलिनच्या जोडीला सुबेरिन नावाचा मेणट पदार्थ असतो, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. बुरशी, किडे, जिवाणू यांनाही ही साल सहजी पचत नाही.

जंगलात पडलेला जुना बर्च पाहिला तर हे एका नजरेत कळतं. आतलं लाकूड कुजून त्याचा भुगा झालेला असतो, बोट घातलं तर आत जातं. साल मात्र पोकळ नळी होऊन तशीच पडलेली असते, वर शेवाळ, पण फाटलेली नाही. ओल्या लाकडाभोवती न सोडणारी ही साल पाणी बाहेर जाऊ देत नाही, म्हणून लाकूड उलट लवकर कुजतं. बर्चचं सरपण करायचं तर ओंडके फोडून ठेवावे लागतात ते यासाठीच.

साल काढायचा मोसम जूनच्या शेवटी सुरू होतो आणि जुलैत संपतो. या दिवसांत झाडात रस चढलेला असतो आणि बाहेरची साल आतल्या सालीपासून आपणहून सुटायला बघते. जाणकार आधी झाडापाशी तंबाखू ठेवतो. ‘असेमा’ हा त्यासाठीचा शब्द. मग बोटाएवढा तुकडा काढून तो वाकवून बघतो. तडकला, पापुद्रे सुटले, की दुसरं झाड. जमला तर बुंध्यावर वरून खाली एकच उभी चीर, तीही फक्त बाहेरच्या सालीपुरती. खोबणीत लाकडी पाचर सरकवली की साल चरचर आवाज करत फाकते आणि बुंध्याचा ओला, पिवळट-तपकिरी अंतर्भाग उघडा पडतो. आतल्या सालीला इजा झाली नाही तर झाड जगतं. पांढरा रंग मात्र परत येत नाही. तो पट्टा पुढे काळा पडतो, खरबरीत होतो. थंडीत काढलेली साल वेगळी. ती सहजी सुटत नाही, आणि सुटते तेव्हा आतून गडद तपकिरी लेप घेऊन येते. तो लेप ओला करून खरवडला की खालचा फिका रंग दिसतो. डब्यांवरची पानाफुलांची नक्षी अशी खरवडून काढलेली असते.

सालीच्या डब्याला ‘मकक’ म्हणतात, पुरतं नाव ‘वीग्वासि-मकक’. साल गरम केली की मऊ पडते, तेव्हा कोपरे दुमडून, बासवुड या झाडाच्या अंतर्सालीच्या दोऱ्याने किंवा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या मुळांनी शिवतात. मेपलची साखर, वाळवलेल्या बेरी, तांदूळ अशा वस्तू यात टिकतात. बुरशीला दाद न देणारी साल इथे उपयोगी पडते. वसंतात मेपलचा रस झाडाखाली धरायचा तो ‘बिस्कितेनागन’मध्ये, सालीचा तुकडा नुसता दुमडून केलेल्या भांड्यात. ‘ओनागन’ म्हणजे ताट-वाडगं, त्यातला ‘नागन’ इथे ओळखू येतो. एक लिटर पाक हवा तर साधारण चाळीस लिटर रस आटवावा लागतो, तेव्हा अशी भांडी किती लागत असतील याचा अंदाज करा.

सालीच्या भांड्यात पाणी उकळताही येतं, हे ऐकून बरेच जण चमकतात. साल तर भडकन पेटणारी. पण भांड्यात पाणी आहे तोवर सालीचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही आणि तेवढ्यावर साल पेट घेत नाही. शाळेत कागदाच्या द्रोणात पाणी उकळून दाखवतात, त्यातलंच हे तत्त्व. सांभाळायचं एवढंच की ज्वाळा पाण्याच्या पातळीच्या वर चाटता कामा नये.

तांदळाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, हा आपला भात नव्हे. सरोवरांच्या उथळ पाण्यात आपोआप उगवणारं हे एक गवत, त्याला ‘मनोमिन’ म्हणतात. भादव्याच्या सुमाराला लोक होडीतून जातात, एक जण होडी रेटतो आणि दुसरा काठ्यांनी ओंब्या वाकवून दाणे होडीत झाडतो. मग वाळवणं, भाजणं, तुडवून टरफलं सोडवणं आणि शेवटी पाखडणं. पाखडायचं सूप बर्चच्या सालीचं, त्याचं नाव ‘नोश्काचिनागन’. शेवटी परत ‘नागन’. रुंद, हलकं आणि आतून गुळगुळीत, त्यामुळे टरफल वाऱ्यावर जातं आणि दाणा घसरून मागे येतो. सूप पाखडणाऱ्या कुठल्याही बाईला हे शिकवावं लागणार नाही.

होडीबद्दल, म्हणजे ‘वीग्वासि-जीमान’बद्दल, जरा सविस्तर बोलायला हवं. चित्रांत ती कधीकधी बाहेरून पांढरी दाखवतात. खरी होडी बाहेरून तपकिरी असते. सालीची झाडाकडची गुळगुळीत बाजू पाण्याला लागते आणि पांढरी बाजू आत जाते. ती बांधतानाही क्रम उलटा. आपल्याकडे लाकडी होडीचा आधी सांगाडा उभा राहतो आणि त्यावर फळ्या चढतात. इथे आधी साल जमिनीवर अंथरतात, तिच्यावर दगड ठेवतात, कडेने खुंट्या ठोकून साल वर वळवतात, काठाच्या पट्ट्या बांधतात, आणि सांगाडा सगळ्यात शेवटी आत ठोकून बसवतात. बरगड्या पांढऱ्या सीडरच्या. त्या झाडाचं नाव ‘गीझिक’. गरम पाण्याने मऊ करून त्या वाकवतात आणि सालीच्या आत दाबून बसवतात, म्हणजे साल ताणून घट्ट होते. शिवण स्प्रूसच्या मुळांची. सांध्यांवर स्प्रूसचा डिंक, त्यात चरबी आणि कोळशाची पूड. चरबी नसेल तर डिंक थंडीत तडकतो, जास्त झाली तर उन्हात वितळतो. खिळा एकही नाही.

या सगळ्याचा फायदा वजनात. त्या प्रदेशात हजारो तळी आहेत आणि दोन तळ्यांच्या मधे जमिनीचा पट्टा. होडी डोक्यावर घेऊन पलीकडे जायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायची. घरगुती होडी एकटा माणूस उचलू शकतो. वाटेत खडकावर फाटली तर दुरुस्तीचं सामान काठावरच उभं असतं. फ्रेंच आणि ब्रिटिश व्यापारी फर, म्हणजे जनावरांची केसाळ कातडी, गोळा करायला या प्रदेशात आले, तेव्हा त्यांनी आपल्या होड्या बाजूला ठेवून हीच उचलली. मॉन्ट्रिअलहून सुपीरियरच्या काठावरच्या ग्रँड पोर्टेजपर्यंत जाणाऱ्या त्यांच्या मोठ्या होड्या अकरा मीटर लांब असत आणि सुमारे तीन टन माल नेत. तिथून पुढे धबधबे चुकवायला साडेतेरा किलोमीटर पायपीट, पाठीवर माल घेऊन. युरोपच्या टोप्यांच्या फॅशनसाठी झालेला तो अवाढव्य व्यापार या सालीवर तरंगत होता.

घरासाठी साल शिवून लांब ताव करायचे. झाडाच्या फांद्यांचा घुमट, त्यावर हे ताव, आणि गाव हलवायचं तेव्हा ताव गुंडाळून बरोबर न्यायचे, फांद्या तिथेच सोडायच्या. काश्मीरमध्येही जुन्या घरांच्या छपरात मातीखाली भूर्जाची साल अंथरत. श्रीनगरजवळच्या नवाश्मयुगीन बुर्झहोमच्या नावातला ‘बुर्झ’ तोच. दोन्ही ठिकाणच्या लोकांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. साल पाणी अडवते हे दोघांनी आपापलं शोधलं.

ओली असली तरी साल पेटते, तेलकट काळा धूर सोडत जळते. तिची गुंडाळी करून होडीच्या नाळेवर मशाल लावायची आणि रात्री उजेडाला आलेले मासे भाल्याने टिपायचे. मशालीला ‘वास्वागन’ म्हणतात. विस्कॉन्सिनमधल्या एका वस्तीचं नाव त्यावरून वास्वागनिंग. फ्रेंचांनी ते दिवे पाहिले आणि नाव ठेवलं लाक द्यू फ्लाम्बो, मशालींचं तळं. नकाशावर आजही तेच आहे.

बर्चच्या रेघांची एक गोष्ट ओजिब्वे सांगतात. गावोगावी ती थोडी वेगळी असते आणि अशा गोष्टी हिवाळ्यातच सांगायचा दंडक आहे. फ्रान्सिस डेन्समोर या संशोधिकेने ओजिब्वे लोकांकडून टिपलेली झाडपाल्याची माहिती १९२८ साली छापली गेली, तिच्यात ही आहे. नानाबोझोला, म्हणजे त्यांच्या खोडकर, अर्ध्या देव अर्ध्या माणसाला, बाणांसाठी गर्जनापक्ष्याची पिसं हवी होती. हे पक्षी म्हणजे ‘अनिमिकीग’, पंखांच्या फडफडाटातून गडगडाट करणारे. त्याने घरट्यात शिरून पिल्लं मारली, पिसं घेतली आणि पळाला. चिडलेले पक्षी मागे लागले, विजा पडू लागल्या. शेवटी तो एका पडलेल्या पोकळ बर्चमध्ये घुसला आणि पक्षी थबकले, कारण बर्च त्यांचंच लेकरू. बाहेर आल्यावर नानाबोझोने वर दिला की हे झाड माणसांना सांभाळील आणि टिकवायची वस्तू त्याच्या सालीत गुंडाळावी. सालीवरच्या खुणा म्हणजे त्या पिल्लांची चित्रं. तो ज्या नळीत लपला, तशा नळ्या त्या जंगलात पावलोपावली पडलेल्या असतात, हे वर सांगितलंच. टिकवायची वस्तू सालीत ठेवावी हेही खरं. बर्चवर वीज पडत नाही या भरवशावर मात्र कुणी राहू नये. पावसात त्याच्याखालीसुद्धा उभं राहणं धोक्याचंच.

टिकवायच्या वस्तूंमध्ये ज्ञानही आलं. मिदेविविन नावाचा त्यांचा एक वैद्यकीय-धार्मिक संप्रदाय आहे. त्याचे विधी, गाणी आणि वाटा चित्रखुणांनी सालीच्या लांब पट्ट्यांवर कोरून ठेवत. या पट्ट्यांना ‘वीग्वासबक’ म्हणतात. कोरायला हाडाची टोकदार काडी. ज्याला शिकवण मिळालीय त्यालाच त्या वाचता येतात. बाकीच्यांना नुसती चित्रं. आपल्याकडे भूर्जाची सालही अशीच कागद झाली, फक्त तिच्यावर शाई चालली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतली ऋग्वेदाची तीस हस्तलिखितं २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत गेली. त्यांतलं एक काश्मीरहून आलेलं, शारदा लिपीतलं, भूर्जपत्रावर लिहिलेलं आहे.

सालीवरचं लेखन एकदा थेट वॉशिंग्टनला पोहोचलं. १८३७ आणि १८४२च्या करारांनी ओजिब्वेंची प्रचंड जमीन सरकारकडे गेली होती आणि आता त्यांना पश्चिमेला हाकलण्याची भाषा चालली होती. १८४९ साली विस्कॉन्सिनच्या काही प्रमुखांचं शिष्टमंडळ अर्ज घेऊन गेलं. अर्ज चित्रांत होता. पुढे एक करकोचा, मागे रांगेने मार्टेन, अस्वल, मानवी रूपातला जलचर, मासा. हे प्राणी म्हणजे त्या त्या कुळाचं देवक; ओजिब्वेत ‘दोदेम’, ज्यावरून इंग्रजीत ‘टोटेम’ गेला. प्रत्येक प्राण्याच्या डोळ्यातून आणि काळजातून एक एक रेघ निघून करकोच्याच्या डोळ्याला आणि काळजाला मिळते. करकोच्याच्या डोळ्यातून एक रेघ मागे, मनोमिनच्या छोट्या तळ्यांकडे जाते. आमचं सगळ्यांचं मन एक आहे, नजर एक आहे आणि आम्हाला ही तळी हवी आहेत. अर्जदारांची नावं, ठराव आणि नकाशा, सगळं एका चित्रात बसलं. त्याची नक्कल १८५१ साली छापली गेली म्हणून आज आपण ती बघू शकतो.

अर्जाचा उपयोग लगेच झाला नाही. १८५० साली सरकारने जमिनीच्या मोबदल्यात द्यायच्या वर्षासनाचं वाटप मुद्दाम दूर मिनेसोटात सँडी लेकला नेलं, लोकांना थंडीत ताटकळत ठेवलं आणि उपासमार, आजार आणि परतीच्या वाटेवरच्या हालांत सुमारे चारशे माणसं गेली. १८५२ साली नव्वदी ओलांडलेला मुख्य नायक केचेवाइश्के सुपीरियरच्या काठावरून बर्चच्या होडीने निघाला, पुढे आगबोट आणि आगगाडी करत वॉशिंग्टनला पोहोचला आणि राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटला. हकालपट्टीचा हुकूम मागे पडला. १८५४च्या ला पॉइंटच्या कराराने सुपीरियरच्या परिसरात त्यांच्या राखीव वस्त्या कायम झाल्या.

करारांत आणखी एक गोष्ट होती. जमीन दिली, पण तिच्यावर शिकार, मासेमारी आणि वेचणी करण्याचा हक्क ओजिब्वेंनी राखून ठेवला. राज्य सरकारांनी तो शंभरेक वर्षं मानलाच नाही. १९८३ साली अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने तो हक्क जिवंत असल्याचा निकाल दिला, तेव्हा विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर भाल्याने मासे मारणाऱ्या ओजिब्वेंसमोर गोऱ्या जमावांनी कित्येक मोसम शिवीगाळ आणि दगडफेक केली. साल काढणं हीसुद्धा वेचणीच. १९९८ साली संघीय वनखात्याने या जमातींशी समझोता केला आणि राष्ट्रीय वनांत साल काढायचे परवाने आता जमाती स्वतः देतात.

हक्क मिळाला, पण झाड कमी होत चाललंय. वीग्वास अल्पायुषी आहे, ऐंशी-शंभर वर्षांत थकतो. त्याचं बी अगदी बारीक, पंखवालं. उघडी माती आणि भरपूर ऊन मिळालं तरच रुजतं. म्हणून वणवा गेला किंवा जंगल तुटलं की आधी हा उगवतो आणि मग त्याच्या सावलीत मेपल आणि फर नावाची सूचिपर्णी झाडं वाढून त्याला मागे टाकतात. शंभर वर्षांपूर्वी त्या भागात बेसुमार लाकूडतोड आणि आगी झाल्या, त्यानंतर उगवलेली पिढी आता एकदमच म्हातारी झालीय. वणवे विझवले जात असल्याने नवी जागा मिळत नाही. मुळं उथळ, त्यामुळे जमीन तापली किंवा कोरडी पडली की आधी यालाच झळ बसते, आणि थकलेल्या झाडात ब्राँझ बर्च बोरर नावाचा भुंगेरा शिरतो. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे काढते, रसाची वाट तुटते आणि झाड शेंड्यापासून वाळत येतं. त्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत पांढऱ्या खोडांना शोभेच्या वस्तू म्हणून भाव आला आणि कोवळी झाडं चोरून तोडली जाऊ लागली.

याचा सर्वांत मोठा फटका होडी बांधणाऱ्यांना. डब्याला छोटी साल चालते. होडीला सरळ, जाड, खाली फांदी नसलेला बुंधा लागतो आणि तसं झाड शोधण्यात दिवसच्या दिवस जातात. लाक द्यू फ्लाम्बोचे वेन व्हॅलिएर हे असे होडी बांधणारे कारागीर. २०२० साली त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. ते ओजिब्वे भाषाही शिकवतात. होडीचा प्रत्येक भाग, प्रत्येक गाठ, सालीची प्रत यांचे शब्द कामाबरोबरच तोंडात बसतात, त्यामुळे त्यांच्याकडे होडी आणि भाषा असे दोन वेगळे वर्ग भरत नाहीत.

शब्दांचा उच्चार ऐकायचा असेल तर मिनेसोटा विद्यापीठाचा ऑनलाइन ओजिब्वे शब्दकोश सगळ्यांना फुकट खुला आहे. बऱ्याच शब्दांपुढे वयस्कर भाषकांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण आहे आणि नाम सजीव की निर्जीव याची खूणही. रोमन अक्षरांत शोधायचं असल्याने दीर्घ ‘ई’साठी ‘आय’ आणि दीर्घ ‘आ’साठी ‘ए’ ही अक्षरं दोनदा टाइप करावी लागतात, नाहीतर वीग्वास सापडत नाही.